एकोणीस नंबरचा हात

१

फाइलमधला हात ठणठणीत होता. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत रक्त खेळत असल्याचे लाल-पिवळे रंग, खाली तारीख, आणि तारखेखाली फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञ बाईंची छापील सही. त्या तारखेनंतर दहाव्या दिवशी त्याच हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर कापून टाकावं लागलं होतं.

हात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. त्यांना सगळे शिवणकाकू म्हणत. अभ्यासाच्या कागदांत मात्र त्या नुसत्या एकोणीस नंबर होत्या. जरा गारवा लागला की त्यांची बोटं खडूसारखी पांढरी पडायची, मग निळी. रक्त टोकापर्यंत पोचायचंच नाही. इस्पितळात अशा चाळीस जणांवर अभ्यास चालला होता. दोन कॅमेरे होते. एक कातडीची ऊब टिपायचा, दुसरा लेसरचा उजेड टाकून कातडीखाली रक्त किती वाहतंय ते टिपायचा. या कॅमेऱ्यांवर भरवसा किती ठेवायचा, एवढाच अभ्यासाचा प्रश्न. म्हणून प्रत्येकाचा हात एकदा मोजायचा, महिन्याने पुन्हा मोजायचा, आणि दोन मापं एकमेकांशी कितपत जुळतात ते पाहायचं.

शिवणकाकूंच्या थोरल्या बहिणीने दुसऱ्या खेपेच्या फोटोची प्रत मागून घेतली आणि ती घेऊन थेट अधीक्षकांच्या टेबलापाशी गेली. ती ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या खेपेनंतर सहाव्या दिवशी तिने विभागात फोन केला होता, बोट काळवंडतंय म्हणून. कुणा बाईने फोनवर सांगितलं होतं की फोटो व्यवस्थित आहे, काळजी करू नका, पुढच्या तारखेला या. ते सगळं तिने शांतपणे सांगितलं आणि मग फोटोवर बोट ठेवलं.

"या फोटोतलं बोट जर बरं आहे, तर कापलं ते कुणाचं?"

दुपारपर्यंत विभागात सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या होत्या. रुग्ण जिला मशीनताई म्हणत, त्या तंत्रज्ञ बाईकडे. खोली तिची, कॅमेरे तिच्या हातातले, सही तिची. आणि विभागात फोन उचलणाऱ्या बाया मोजून दोन.

संध्याकाळी तिच्यापुढे टाइप केलेला कागद आला. 'माझ्या अनवधानाने फाइलला चुकीचा फोटो जोडला गेला.' खाली सहीपुरती जागा. शुक्रवारी बारापर्यंत सही झाली तर ताकीद देऊन दुसऱ्या विभागात बदली. नाही झाली तर रीतसर चौकशी, आणि मग फसवणुकीचं कलम.

२

फोटोच्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेरची हवा आत येऊन हात गारठू नयेत किंवा तापू नयेत म्हणून एकापाठोपाठ दोन दारं होती. पहिलं घट्ट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. रुग्णाने आत येऊन वीस मिनिटं गप्प बसायचं, मग काळ्या कापडावर हात पालथे ठेवायचे. मशीनताईने चार वर्षं इथे काढली होती. बारा महिने अंगावर स्वेटर असायचा.

आता तिला हुकूम होता की कॅमेऱ्यांना हात लावायचा नाही, पण खोलीतल्या सामानाची जबाबदारी तिच्याकडे असल्याने कामाच्या वेळात खोली सोडायचीही नाही. त्यामुळे ती सकाळी नऊला आत यायची, दोन्ही दारं लावायची आणि रुग्णांच्या खुर्चीत बसून राहायची. पंख्याची एकसुरी घरघर कानात बसायची. तिसऱ्या तासाला तिला वाटायचं, आपलेच हात कुणीतरी कापडावर ठेवायला सांगितलेत आणि हलू नका म्हणून निघून गेलंय.

आपण काय चूक केली ते ती शोधत होती. चूक सापडत नव्हती, आणि सापडत नाही म्हणून आपल्याला ती आठवतच नसेल अशी भीती वाटत होती. फोटोचे रंग तिला कधी दिसतच नसत. अभ्यासाचा नियमच तसा होता: फोटो काढणाऱ्याने निकाल पाहायचा नाही, नाहीतर मनात आधीच काहीतरी बसतं. तिच्या पडद्यावर फक्त हाताची करडी बाह्यरेषा उमटायची, तीही हात नीट ठेवला आहे की नाही ते पाहण्यापुरती. रंगीत फोटो उघडायचे ते छोट्या मॅडमनी. रोजचे फोटो रोज पाहायचे, काही वाईट दिसलं तर त्याच दिवशी बाह्यरुग्ण विभागाला कळवायचं, आणि नोंदवहीत सही करायची, हे त्यांचं काम.

छोट्या मॅडम म्हणजे विभागातल्या धाकट्या डॉक्टर. या दिवसांत मशीनताईशी नीट बोलणाऱ्या त्या एकट्याच. दुपारी चहाचे दोन कप घेऊन यायच्या, समोरच्या स्टुलावर बसायच्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: चूक माणसाकडूनच होते, चूक माफ होते, पण चौकशी लागली की माणूस आयुष्यातून उठतो. तेव्हा सही कर आणि मोकळी हो.

मशीनताईला ते पटत आलं होतं. कारण तिच्या पोटात एक गोष्ट होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. चौकशी लागली तर ती गोष्ट बाहेर येणार होती.

बुधवारी दुपारी पहिलं दार लागल्याचा आवाज आला, मग दुसरं उघडलं. आत एक साठीच्या पुढच्या बाई आल्या, आखूड केस, पायात कापडी बूट. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आपली ओळख करून दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"खोलीच्या तापमानाची वही कुठे असते?"

ती गोष्ट त्याच वहीत होती.

३

या बाईंना सगळे तराजूबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी वजनं-मापं तपासायची सरकारी नोकरी केली होती. दुकानातली वजनं, पेट्रोल पंपाची मापं, सोनाराचे काटे. इस्पितळाच्या संशोधन समितीवर एक सदस्य बाहेरचा लागतो, डॉक्टर नसलेला. ती जागा निवृत्तीनंतर यांच्याकडे आली होती. अधीक्षकांना वाटलं होतं, बाई एक फेरी मारतील आणि चहा पिऊन सही करतील.

तराजूबाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. २२.४, २३.१, २२.८, २२.६. रोजचा आकडा वेगळा. मग शिवणकाकूंच्या दुसऱ्या खेपेचा आठवडा आला आणि तिथे सलग पाच दिवस २३.०, २३.०, २३.०. त्या पानावर त्या जरा थांबल्या. मशीनताई खुर्चीचा हात धरून उभी होती. तराजूबाईंनी वही मिटली, जागेवर ठेवली आणि काहीच न विचारता निघून गेल्या. मशीनताईला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचा दीड दिवस त्या माणसांशी बोलत हिंडल्या. पहिल्यांदा गेल्या आकडेमास्तरांकडे. हे अभ्यासाचं गणित सांभाळायचे. त्यांच्याकडे फोटो यायचेच नाहीत, नुसते आकडे यायचे. मास्तरांनी सांगितलं की उबेच्या कॅमेऱ्याची दोन खेपांची मापं बऱ्यापैकी जुळतात, लेसरची जरा कमी. महिन्यात माणसाचं रक्त, झोप, काळजी सगळंच बदलतं, तेव्हा शंभरात पंधरा-वीसचा फरक सगळ्यांतच आहे. चाळीसातल्या एकाच जोडीत फरक शंभरात फक्त एकाचा. एकोणीस नंबर. त्यांनी ही गोष्ट मोठ्या सरांच्या कानावर घातलीही होती.

मोठे सर विभागाचे प्रमुख. हा अभ्यास परदेशातल्या परिषदेत मांडायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना ही सगळी भानगड म्हणजे आपल्या नावाला लागलेला डाग वाटत होती. एकोणीस नंबरची जोडी इतकी जुळते, हे तर मशीन चांगलं असल्याचं लक्षण, असं ते आधी म्हणाले होते. आता ते वाक्य त्यांना आठवत नव्हतं. फोटो आपण स्वतः कधीच उघडत नाही, आपल्याला शेवटची बेरीज लागते, असं मात्र त्यांनी ठासून सांगितलं.

छोट्या मॅडमनी नोंदवही पुढे केली. रोजच्या रकान्यात त्यांची सही होती, त्या आठवड्याचीही. सगळे फोटो त्या त्या दिवशी पाहिले, एकोणीस नंबरचा फोटो तेव्हाही असाच चांगला होता, असं त्या म्हणाल्या. मशीनताईबद्दल त्या कळवळून बोलल्या. बिचारीकडून झालं असेल, तिला फार ताणू नका.

गुरुवारी दुपारी तराजूबाई पुन्हा फोटोच्या खोलीत आल्या. हातात मोठ्या सरांचं परवानगीपत्र आणि रंगीत फोटो उघडायची किल्ली होती.

"बाजारात एक गोष्ट शिकले," त्या स्वेटरची बटणं लावत म्हणाल्या. "खरा काटा थोडासा हलतो. जो काटा दरवेळी तिळाइतकाही चुकत नाही, त्याच्या पारड्याखाली हात घालून बघायचा. चला, माझा हात मोजा."

४

वीस मिनिटं दोघी गप्प बसल्या. मग तराजूबाईंनी काळ्या कापडावर हात ठेवला. मशीनताईने फोटो काढला. हात उचला म्हणाली, आणि तराजूबाईंनी हात उचलून लगेच दोन बोटांचं अंतर सोडून बाजूला परत ठेवला. पुन्हा काढा म्हणाल्या.

दुसरा फोटो रंगांत उघडला तेव्हा मशीनताई पडद्याजवळ सरकली. चार वर्षांत रंग ती पहिल्यांदा पाहत होती. हात होताच, पण हाताच्या कडेला कापडावर आणखी एक फिकट हात होता. बोटं नसलेला, नुसता तळव्याचा, पुसत चाललेल्या ओल्या खुणेसारखा. जिथे आधी हात टेकला होता तिथे त्याची ऊब कापडात राहिली होती. मिनिटा-दोन मिनिटांत ती विझली.

तराजूबाईंनी एकोणीस नंबरची फाइल उघडली. पहिल्या खेपेच्या फोटोत कापड सगळीकडे सारखं काळं. दुसऱ्या खेपेच्या फोटोत अंगठ्याच्या बाहेर एक फिकट चंद्रकोरीसारखी कड.

"म्हणजे हा त्या दिवशीचा पहिला फोटो नाही," मशीनताई हळूच म्हणाली. "त्याच्या आधी क्षणभर हात तिथेच होता."

तराजूबाईंनी विचारलं, तू एका वेळी दोन फोटो घेतेस का. मशीनताईने सांगितलं की हो, कधी कधी. रुग्णाचा हात हलला, त्याला खोकला आला, तर एक जादा फोटो घेऊन ठेवते. पहिला चांगला निघाला असेल तर जादाची गरज पडत नाही. तो इथल्याच मशीनमध्ये पडून राहतो, त्याला नाव नसतं, तारीख नसते, नुसती घड्याळाची वेळ असते. असे पाच-पन्नास असतील. कुणाचा कुठला ते तिलाही सांगता आलं नसतं.

तराजूबाईंनी मान डोलावली. मग फाइलमधला दुसऱ्या खेपेचा म्हणून लावलेला हा फोटो खरं तर पहिल्या खेपेचाच जादा फोटो असणार. एकाच बैठकीतले दोन फोटो, म्हणून तर मापं इतकी जुळली. तारीख कुणीतरी नंतर टाकली.

"पण मग अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या, "की जादा फोटो कुठे पडलेले असतात हे सगळ्यांत चांगलं माहीत असलेलं माणूस तूच आहेस."

मशीनताईने मागे वळून दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं, आणि त्याच्या पलीकडे आणखी एक.

५

घरी नवऱ्याने जेवताना विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. बदली तर बदली, पगार तर चालू राहील, सही करून टाक आणि या कटकटीतून सुट, असं तो दोनदा म्हणाला. सासूबाई ताटावर मान घालून जेवत होत्या. त्यांचं आणि मशीनताईचं कधी फार पटलं नव्हतं.

"सही म्हणजे काय चिकटपट्टी आहे का," त्या मान वर न करता म्हणाल्या, "आज लावली, उद्या सोलून काढली?"

भांडी घासताना मशीनताईला कळलं की आपण सही करणार नाही. पण सही नाही म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे ती वही. आगीतून फुफाट्यात. फरक एवढाच की वहीतली गोष्ट खरोखर तिची होती.

शुक्रवारी सकाळी ती नऊला खोलीत न जाता समितीच्या दालनात गेली. तराजूबाई एकट्याच होत्या. मशीनताईने उभ्याउभ्याच सांगितलं. त्या आठवड्यात खोलीचा तापमापक बंद पडला होता. कळवलं असतं तर अभ्यास पंधरा दिवस थांबला असता; मागे एकदा थांबला होता तेव्हा मोठ्या सरांनी सगळ्यांदेखत तिची शोभा केली होती. म्हणून तिने वातानुकूलन तेवीसवर ठेवलं आणि पाच दिवस वहीत डोळे झाकून २३.० लिहिलं. पुढच्या सोमवारी दुरुस्तीवाला नेहमीच्या फेरीला आला, त्याने तापमापक बदलला, आणि बंद पडल्याचं कुणाला कळलंच नाही. वहीतले ते आकडे खोटे होते. काय शिक्षा व्हायची ती होऊ दे.

तराजूबाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

"तो तापमापक कॅमेऱ्याला जोडलेला असतो का?"

मशीनताई हो म्हणाली. त्याचा आकडा फोटोच्या कोपऱ्यात उमटतो असं तिने ऐकलं होतं. तिच्या पडद्यावर तो दिसायचा नाही.

तराजूबाई उठल्या. त्या आठवड्यातले सगळ्या रुग्णांचे फोटो छापून मागवायला त्यांना पाऊण तास लागला. सगळे टेबलावर मांडून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मशीनताईला म्हणाल्या, "अकरा वाजता सगळ्यांना त्या खोलीत बोलव. आणि तूही ये. घाबरू नको. तुझ्या खोटेपणानेच तुला वाचवलंय."

६

खोली दोन माणसांसाठी होती, त्यात पाच जण उभे राहिले. मोठे सर कॅमेऱ्याच्या खांबाला टेकून, आकडेमास्तर दाराशी, छोट्या मॅडम स्टुलावर. मशीनताई कोपऱ्यात. दोन्ही दारं लावून घेतल्यावर श्वासाचेही आवाज येत होते.

तराजूबाईंनी आधी कडेच्या उबेची गोष्ट सांगितली: दुसऱ्या खेपेचा म्हणून दाखवलेला फोटो पहिल्या खेपेचाच जादा फोटो आहे. मोठ्या सरांनी लगेच मशीनताईकडे बोट केलं. तराजूबाईंनी छापलेले फोटो काळ्या कापडावर पसरले.

त्या आठवड्यातल्या अकरा रुग्णांचे फोटो. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे खोलीचं तापमान यायला हवं, तिथे नुसत्या आडव्या रेघा होत्या. तापमापक बंद होता. बारावा फोटो एकोणीस नंबरचा. त्याच्या कोपऱ्यात आकडा होता, २२.४. आणि वहीत २२.४ कधी होतं? त्या आठवड्याच्या महिनाभर आधी, एकोणीस नंबरच्या पहिल्या खेपेला.

"आता विचार करा," तराजूबाई म्हणाल्या. "तापमापक बंद आहे हे या इस्पितळात एकाच माणसाला माहीत होतं. हिला. आणि हिने ते लपवलं होतं, वहीत २३.० लिहून. कोपऱ्यात आकडा उमटतो हेही हिला ऐकून माहीत होतं. फोटो हिने बदलला असता, तर जिथे रेघा हव्यात किंवा फार तर हिच्या वहीतला २३.० हवा, तिथे २२.४ राहू दिला असता का? फोटो बदलणाऱ्याला तापमापकाचं काहीच ठाऊक नव्हतं."

मग त्यांनी एकेकाला वगळलं. आकडेमास्तरांकडे फोटो यायचेच नाहीत, आणि जोडी फार जुळते ही ओरड त्यांनीच केली होती. चोर स्वतः दवंडी पिटत नाही. मोठे सर फोटो उघडत नसत, त्यामुळे रेघा त्यांनाही माहीत नव्हत्या. पण पन्नास बिननावी फोटोंत नेमका एकोणीस नंबरचा जादा फोटो आहे, हे कळायला त्या दिवशी इथे हात हललेला पाहिलेला असायला हवा.

"काल मी शिवणकाकूंकडे जाऊन आले. त्यांना पहिली खेप चांगली आठवते. तुम्ही संमतीच्या कागदावर सही घ्यायला आत आला होतात, मॅडम. त्या घाबरल्या होत्या म्हणून तुम्ही म्हणालात, हात हलवला तर हे मशीन आमच्या मोठ्या सरांसारखं रागावतं. त्या हसल्या आणि हात हलला. ताईंनी दुसरा फोटो घेतला. खोलीत तिघीच होत्या."

मोठे सर खाली पाहू लागले. छोट्या मॅडमचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते.

तराजूबाईंचा आवाज चढला नाही. शेवटची गोष्ट नोंदवहीतल्या सह्यांची, त्या म्हणाल्या. त्या आठवड्यातले फोटो ज्याने खरोखर पाहिले असतील, त्याला कोपऱ्यातल्या रेघा पाच दिवस दिसल्या असत्या. तुम्ही पाचही दिवस पाहिल्याची सही केलीत, आणि रेघांबद्दल एक शब्द नाही. तुम्ही ते फोटो उघडलेच नव्हते.

मग छोट्या मॅडम बोलल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबल्या नाहीत. परीक्षा तोंडावर होती, काम डोक्यावर होतं, सह्या दर आठवड्याच्या शेवटी एकदम व्हायच्या. कधी काही बिघडलं नव्हतं. शिवणकाकूंच्या बहिणीचा फोन त्यांनीच घेतला होता. फोटो न उघडता चांगला आहे म्हणून सांगितलं, कारण पहिला चांगला होता. चार दिवसांनी शस्त्रक्रियेच्या यादीत एकोणीस नंबरचं नाव दिसलं तेव्हा त्यांनी धावत येऊन फोटो उघडला. त्या बोटाच्या जागी काळं भोक होतं. घाईघाईत पहिल्या खेपेचा जादा फोटो त्याच्या जागी लावताना कोपऱ्यात काय आहे ते पाहायचं त्यांना सुचलंच नाही.

"खरा फोटो?" मोठ्या सरांनी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पुसायला तीनदा बसले. पुसता आला नाही."

मशीनताईने दोन्ही दारं उघडली. नियम मोडून, दोन्ही एकदम. बाहेरची गरम हवा आत आली.

७

समितीने छोट्या मॅडमचं प्रकरण डॉक्टरांच्या नोंदणी मंडळाकडे पाठवलं; पुढे त्यांची नोंदणी दोन वर्षांसाठी गेली. मोठ्या सरांच्या परिषदेचं तिकीट रद्द झालं. मशीनताईला वहीबद्दल लेखी ताकीद आणि तीन महिने पगारवाढ बंद. ती तिने गुपचूप घेतली. ती तिची होती.

तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुढच्या रविवारी ती शिवणकाकूंकडे गेली. थोरल्या बहिणीने दार उघडलं आणि क्षणभर उंबऱ्यातच उभी राहिली. मग बाजूला झाली. खोलीत शिलाई मशीन झाकून ठेवलेलं होतं. शिवणकाकू पलंगावर बसल्या होत्या, डावा हात उशीवर.

मशीनताईने खरा फोटो आणला होता. काकूंनी तो हातात घेतला, लांब धरून पाहिला. त्याच दिवशी हा कुणी पाहिला असता तर बोट वाचलं असतं का, असं त्यांनी विचारलं. मशीनताईला हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली की कदाचित. या फोटोंवर किती भरवसा ठेवायचा तेच तर आम्ही शोधत होतो. औषध वेळेवर चढवलं असतं तर संधी मिळाली असती, एवढं नक्की.

काकूंनी फोटो उशीखाली सरकवला.

"तुम्हाला आठवतं का," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला मी तुम्हाला सांगितलं होतं. हे बोट ठणकतंय म्हणून."

मशीनताईला आठवलं. तोपर्यंत आठवलं नव्हतं. चौकशीच्या त्या सगळ्या दिवसांत, त्या खुर्चीत बसून आपली चूक शोधताना, एकदाही नाही. वीस मिनिटं संपत आली होती, पुढचा रुग्ण बाहेर थांबला होता.

"मी म्हणाले होते," ती म्हणाली, "फोटोत दिसेल."

बहीण दाराशी उभी होती. काकू रागावल्या नाहीत, ते जास्त कठीण होतं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, आणि विचारलं की आता या हाताचं तुमचं मशीन काय म्हणेल.

मशीनताईने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गार होता. तिने मशीनचं नाव काढलं नाही. तुम्हाला काय वाटतंय ते सांगा, म्हणाली.

काकूंनी बहिणीकडे पाहिलं, मग नजर खाली घातली. अंगठ्याशेजारचं बोट, त्या म्हणाल्या. चार दिवस झाले. सकाळी सुई धरली की टोकाला टाचणी टोचल्यासारखं होतं. म्हटलं उगाच काय कुणाला सांगायचं.

मशीनताईने बोटाचं टोक दाबून सोडलं. पांढरं झालेलं टोक परत गुलाबी व्हायला फार वेळ लागत होता. तिने मनात आकडे मोजले, सातपर्यंत आली आणि मोजणं सोडून दिलं. एका हाताने ते बोट धरून ठेवूनच तिने दुसऱ्या हाताने फोन काढला आणि अपघात विभागाचा नंबर लावला. रविवार आहे, फोटो-रिपोर्ट काय आहे, असं पलीकडून विचारलं गेलं.

"रिपोर्ट नाही," ती म्हणाली. "बाई सांगतायत दुखतंय. आम्ही निघालोय, खाट तयार ठेवा."